मुनिन परत आला नाही तर

मुनिनची आणि माझी पहिली ओळख झाली ती सर्व्हरवर नजर ठेवणारी एक जुनी, फुकट मिळणारी सॉफ्टवेअर प्रणाली म्हणून. दर पाच मिनिटांनी तो नेमून दिलेल्या प्रत्येक यंत्राकडे जातो, डिस्क किती भरली, मेमरी किती उरली, रांगेत किती कामं अडकली हे विचारतो, परत येतो आणि आलेख काढतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्री अडीचला फोन वाजला की लॅपटॉप उघडून आम्ही आधी मुनिनचे आलेख बघायचो. हे नाव कुठून आलं असेल, असा प्रश्न त्या वेळी पडला नाही. आमच्या क्षेत्रात नावं कुठूनही येतात.

मग २०२१च्या जानेवारीत ‘वार्द्रुना’ या नॉर्वेच्या गटाचा ‘क्वितराव्न’ हा अल्बम आला. घरून काम करण्याचे दिवस होते आणि हेडफोन दिवसभर कानांवर असायचे. त्या अल्बममधल्या एका गाण्याचं नाव ‘मुनिन’ होतं. ‘क्वितराव्न’ म्हणजे पांढरा रेव्हन, आणि मुनिन हा ओडिन देवाच्या दोन रेव्हनांपैकी एक. आमचा मुनिनही त्याच्याच नावाचा निघाला. यंत्रांकडे जाऊन खबर घेऊन येणारा पक्षी! नाव ठेवणाऱ्याला मनापासून दाद दिली आणि तिथून या पक्ष्यांच्या मागे लागलो.

आधी शब्दाचा घोळ मिटवायला हवा. रेव्हनला मराठीत कावळा म्हणून भागत नाही. आपला डोमकावळा त्याचा चुलतभाऊ खरा, पण रेव्हन आकाराने घारीएवढा असतो. चोच जाडजूड, गळ्याखाली दाढीसारखी पिसं, उडताना शेपूट पाचरीसारखी दिसते. भारतात तो राजस्थान-पंजाबकडे आणि हिमालयात उंचावर आढळतो, महाराष्ट्रात नाही. शिवाय ‘कावळा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पिंड, दर्भ आणि घाटावर ताटकळलेले नातेवाईक उभे राहतात. ओडिनच्या पक्ष्याचा त्या चित्राशी संबंध नाही. तो कोणाचा पितर नाही आणि त्याला कोणी आदराने जेवायला बोलावत नाही. म्हणून मी इथे रेव्हनच म्हणणार आहे.

हुगिन आणि मुनिन यांचा सगळ्यात महत्त्वाचा उल्लेख ‘ग्रीम्निस्माल’ या आइसलँडी काव्यात आहे. ते ज्या हस्तलिखितात आहे ते १२७०च्या सुमाराचं. पुढे ते डेन्मार्कच्या राजाकडे गेलं आणि १९७१ साली आइसलँडला परत मिळालं. त्यातल्या एका कडव्यात ओडिन सांगतो की हुगिन आणि मुनिन रोज जगभर उडतात. हुगिन परत येणार नाही याची त्याला धास्ती वाटते, पण मुनिनबद्दलची काळजी त्याहून मोठी आहे. कडवं एवढंच. हुगिन हे नाव ‘हुग्र’वरून आलं आहे, म्हणजे विचार. मुनिनमागे ‘मुना’ म्हणजे आठवणे हे क्रियापद आहे, आणि त्याच घरातल्या ‘मुन्र’ या शब्दाला मन आणि इच्छा असे दोन्ही अर्थ आहेत. हा धातू आपल्या ओळखीचा आहे. संस्कृत ‘मनस्’, आपलं मन, मनन, मती हे सगळे त्याच मूळ भारोपीय धातूचे वंशज. त्यामुळे ‘स्मृती’ या रूढ भाषांतरापेक्षा ‘मन’ हा शब्द मला मुनिनच्या जास्त जवळचा वाटतो. विचार हरवला तर पुन्हा करता येतो. मन परत आलं नाही तर विचार करणार कोण, अशी ती भीती असावी.

एका डोळ्याच्या बदल्यात ज्ञान विकत घेणारा हा देव. त्याच्याही मनात रोज सकाळी धाकधूक आहे. आधुनिक गाण्यांत, टी-शर्टांवर आणि गोंदणांत रेव्हन येतो तेव्हा ही धाकधूक बहुतेक वेळा गळून पडलेली असते. उरतो तो सर्वज्ञ देवाचा रुबाबदार गुप्तहेर.

तो गुप्तहेर घडवण्यात मोठा हात स्नोरी स्टुर्लुसनचा आहे. हा तेराव्या शतकातला आइसलँडी सरदार, कवी आणि राजकारणी. १२२०च्या सुमारास त्याने ‘एड्डा’ हा ग्रंथ रचला आणि १२४१ मध्ये राजकीय वैऱ्यांनी त्याला त्याच्याच घरात मारलं. त्याच्या ग्रंथात रेव्हन ओडिनच्या खांद्यांवर बसतात, पाहिलेलं-ऐकलेलं सगळं कानात सांगतात, पहाटे निघतात आणि न्याहारीपर्यंत परत येतात. म्हणून ओडिनला ‘रेव्हनांचा देव’ म्हणतात. नीटनेटकी, वेळापत्रकात बसणारी व्यवस्था! देवाची भीती मात्र मूळ कडवं उद्धृत करण्यापुरतीच उरते. आणि स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो इसवी सन १०००च्या आसपास, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षं आधी. आज ‘प्राचीन नॉर्स श्रद्धा’ म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं एका ख्रिस्ती माणसाने, कवींना जुन्या उपमा कळाव्यात म्हणून, पाठ्यपुस्तकासारखं लिहिलेलं आहे.

याचा अर्थ रेव्हन स्नोरीने कल्पनेतून काढले असा नाही. २००९ साली डेन्मार्कमध्ये लायर या गावी एक चांदीची मूर्ती सापडली. उंची जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर, काळ इसवी सन ९००च्या सुमाराचा. सिंहासनावर कोणीतरी बसलंय आणि दोन पक्षी त्या व्यक्तीकडे बघताहेत. संग्रहालयाने ती ओडिन म्हणून जाहीर केली. पोशाख बाईचा दिसतो म्हणून काही अभ्यासकांनी हरकत घेतली आणि तो वाद अजून चालू आहे. पक्षी दोन आहेत याबद्दल मात्र कोणाचंच दुमत नाही.

पण हे पक्षी पवित्र कसे झाले? मला पटलेलं उत्तर फारसं सुंदर नाही: मढी खाऊन. रेव्हन लांडग्यांच्या मागे जातो, कारण लांडगा शिकार करतो आणि फाडलेलं जनावर त्याला आयतं मिळतं. माणसांच्या लढाईत तर मेजवानीच. दरबारी कवींच्या भाषेत योद्धा म्हणजे ‘रेव्हनला पोसणारा’ आणि रक्त म्हणजे रेव्हनचं पेय. राजाने किती माणसं मारली हे सांगायची ती सभ्य रीत होती. नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेच्या हाराल्ड राजाच्या स्तुतीसाठी रचलेल्या एका काव्यात एक वाल्किरी रेव्हनांना विचारते की चोची रक्ताळलेल्या आणि तोंडाला मढ्याचा वास मारतोय, आलात कुठून? मग रेव्हन राजाचं गुणगान करतात. पोट भरलेलं असल्यामुळे साक्ष अर्थातच अनुकूल.

निशाणाचीही गोष्ट तशीच आहे. अँग्लो-सॅक्सन बखरीत ८७८ सालच्या नोंदीत इंग्रजांनी डेव्हनमध्ये व्हायकिंगांचं ‘रेव्हन’ नावाचं निशाण जिंकल्याचं लिहिलंय. ऑर्कनी बेटांच्या सिगुर्ड सरदाराचं निशाण त्याच्या आयरिश आईने विणून दिलं होतं. ज्याच्यापुढे ते चालेल त्याला विजय आणि जो ते धरेल त्याला मरण, असा त्याचा गुण. १०१४ साली डब्लिनजवळ क्लोन्टार्फच्या लढाईत एकामागून एक निशाणधारी पडले आणि शेवटी ते उचलायला कोणी तयार होईना. सागा सांगते की सिगुर्डने ते स्वतःजवळ घेतलं आणि तोही मेला. आईने मुलाला अशी वस्तू का द्यावी, याचं कोडं मला उलगडलेलं नाही. पण पावित्र्य म्हणजे मंगल, हे आपल्या डोक्यातलं समीकरण तिथे चालत नाही, हे या कथेमुळे पक्कं कळतं.

आता संगीताकडे. इथे सगळ्यात मोठी अडचण अशी की व्हायकिंग काळातली एकही चाल उरलेली नाही. स्वरलेखन नव्हतंच. दहाव्या शतकात अंदालुसियाचा अत्-तर्तुशी हा प्रवासी हेडेबी या बंदरात गेला होता. आज ते जर्मनीच्या उत्तर टोकाला येतं. तिथल्या गाण्यासारखं वाईट गाणं आपण कुठेच ऐकलं नाही, कुत्र्यांच्या भुंकण्यासारखं, किंबहुना त्याहून रानटी, असा त्याचा अभिप्राय. त्या काळच्या गाण्याबद्दल डोळ्यांनी बघून लिहिलेल्या थोड्याथोडक्या मजकुरातला हा एक, आणि तोही असा! बाकी उरलेत ते सांगाडे: लायरचे घोडीचे तुकडे, हाडांच्या बासऱ्या, यॉर्कला सापडलेला लाकडी पावा, ओसेबर्गच्या जहाजात मिळालेलं लाकडी शिंग.

एक दुवा मात्र शब्दात शिल्लक आहे, आणि तो थेट पक्ष्यांपर्यंत जातो. मंत्र, जादूचं गाणं यासाठी जुन्या नॉर्समध्ये ‘गाल्द्र’ हा शब्द आहे. तो ‘गाला’ या क्रियापदावरून आला. गाला म्हणजे गाणं, आणि गाला म्हणजे कोंबड्याचं आरवणंही. इंग्रजी ‘नाइटिंगेल’मधला शेवटचा भाग त्याच कुळातला. ‘वोलुस्पा’ या काव्यात जगाचा अंत जवळ येतो तेव्हा तीन कोंबडे आरवतात: एक राक्षसांच्या रानात, एक देवांकडे, आणि तिसरा, काजळीच्या लाल रंगाचा, जमिनीखाली हेलच्या दालनात. तिथे हेच क्रियापद वापरलंय. मंत्र म्हणणारा माणूस आणि पहाट फोडणारा पक्षी भाषेच्या दृष्टीने एकच काम करत होते.

कवितेचा उगमही पक्ष्याच्याच पोटातून झाला. ओडिन काव्याचं मद्य राक्षसाकडून पळवतो, गरुडाचं रूप घेऊन तोंडात भरून आणतो आणि देवांच्या भांड्यांत ओकतो. पाठलाग इतका जवळ आलेला असतो की थोडं मद्य मागच्या बाजूने निसटतं. ते ज्याला हवं त्याने प्यावं. तो वाईट कवींचा वाटा, असं स्नोरीने लिहून ठेवलंय. समीक्षेचा यापेक्षा थेट निकष मी वाचलेला नाही.

वार्द्रुनाचा आइनार सेल्विक हे सगळं जाणतो. तो मूळचा ब्लॅक मेटलचा ड्रमर. ‘गोर्गोरोथ’ या गटात असताना त्याने टोपणनाव घेतलं होतं ‘क्वित्राफ्न’, म्हणजे पुन्हा पांढरा रेव्हनच. २००३च्या सुमारास त्याने वार्द्रुना सुरू केलं आणि २००९ ते २०१६ या काळात रून अक्षरांवर तीन अल्बम केले. वाद्यं त्याने शोधून, घडवून, शिकून घेतली: क्राविक नावाची मध्ययुगीन नॉर्वेजियन लायर, गजाने वाजवायची तालहार्पा, बोकडाचं शिंग. पाण्याच्या रूनसाठी नदीत उभं राहून गाणं म्हणायचं, भूर्जाच्या रूनसाठी भूर्जाच्या खोडाचा आवाज घ्यायचा, अशी त्याची पद्धत. २०१३च्या ‘हेल्वेगन’ या मृत्यूच्या वाटेवरच्या गाण्यात रेव्हन येतो तो पडणाऱ्या माणसाची खबर ठेवणारा म्हणून. तिथे विजय नाही, तलवार नाही. मरताना मला कोण गाऊन पोचवील, एवढाच प्रश्न. ग्रीम्निस्मालमधल्या त्या धाकधुकीच्या मला हेच गाणं सर्वात जवळचं वाटतं.

ही ‘खरी’ व्हायकिंग गाणी आहेत का? नाहीत, आणि सेल्विक तसा दावा करत नाही. मुनिनच्या आलेखात एखाद्या यंत्राने उत्तर दिलं नाही तर रेघ शून्यावर येत नाही; ती तुटते, मधे कोरी जागा राहते. शून्य म्हणजे ‘काही नव्हतं’, कोरी जागा म्हणजे ‘नोंद नाही’. नवख्या इंजिनिअरला हा फरक पहिल्या आठवड्यात शिकवतात. कोऱ्या जागेवर अंदाजाने रेघ ओढायला हरकत नसते, फक्त ती तुटक ओढावी. या शैलीतले बरे कलाकार रेघ तुटक ठेवतात. वाईट कलाकार, आणि त्यांचे चाहते तर जास्तच, ती ठळक करतात आणि खाली ‘पूर्वजांचा आवाज’ असं लिहितात.

त्या ठळक रेघेचा इतिहास चांगला नाही. नाझींच्या एसएसने रून अक्षरं गणवेशावर मिरवली. नॉर्वेतल्या त्यांच्या साथीदार पक्षाने आपल्या निमलष्करी दलाला ‘हिर्ड’ हे जुन्या राजांच्या अंगरक्षकांचं नाव दिलं आणि गरुडाचं चिन्ह घेतलं. नव्वदच्या दशकात नॉर्वेत ‘परक्या धर्माविरुद्ध’ म्हणत तरुणांनी चर्चं जाळली. १९९२च्या जूनमध्ये बर्गनजवळचं फांटोफ्टचं लाकडी चर्च जळालं. आता गंमत बघा. फाफ्निर नागाच्या काळजाचं रक्त जिभेला लागल्यावर सिगुर्डला पक्ष्यांची भाषा कळायला लागते, ही नॉर्स जगातली पक्ष्यांबद्दलची सर्वात सुंदर कथा. लाकडात कोरलेलं तिचं उत्तम चित्र टिकलं ते ह्युलेस्टादच्या अशाच एका लाकडी चर्चच्या दारावर. चर्च सतराव्या शतकात पाडलं गेलं, दाराची चौकट आज ऑस्लोच्या संग्रहालयात आहे. जुनी श्रद्धा वाचवायला निघालेल्यांनी जाळलं काय, तर ती जपून ठेवणारी इमारत.

अस्सलपणाचा हाच घोळ आइसलँडमध्ये जास्त विनोदी रूपात दिसतो. ‘हराफ्नागाल्द्र ओडिन्स’ म्हणजे ओडिनचा रेव्हन-मंत्र या नावाचं एक गूढ काव्य एड्डाच्या जुन्या आवृत्त्यांत असायचं. १८६७ मध्ये सोफुस बुग्गे या नॉर्वेजियन पंडिताने ते सतराव्या शतकातली नक्कल आहे असं ठरवून बाजूला काढलं. २००२ मध्ये ‘सिगुर रोस’ या बँडने हिल्मार ओर्न हिल्मार्सन या संगीतकाराबरोबर ते वाद्यवृंदासह सादर केलं. दगडांच्या फरशांचं एक वाद्यही त्यात होतं. हिल्मार्सन पुढच्याच वर्षी आइसलँडच्या नव-मूर्तिपूजक संघटनेचे प्रमुख झाले. ध्वनिमुद्रण २०२० मध्ये बाहेर आलं. ज्या काव्याला पंडितांनी खोटं ठरवलं, नावात रेव्हन असूनही ज्यात रेव्हन जवळपास नाहीत, ते ऐकताना मात्र हिवाळा अंगावर येतो. मी ते किती वेळा ऐकलंय याचा हिशेब नाही.

लोकांच्या तोंडी राहिलेला रेव्हन मात्र वेगळाच आहे. आइसलँडमध्ये त्याला लाडाने ‘क्रुम्मी’ म्हणतात. पोरांना शिकवायच्या गाण्यांत क्रुम्मी कड्याच्या कपारीत थंडीने गारठून उठतो, उपाशी असतो, मेलेलं मेंढरू सापडतं तेव्हा भाऊबंदांना हाका मारतो. अशा एका गाण्याचा कवी योन थोरोड्सेन हा एकोणिसाव्या शतकातला. ओडिन नाही, भविष्य नाही. हिवाळ्यात सगळेच उपाशी आणि त्यात हाही एक, असा शेजारधर्म आहे. ओडिन विसरला गेला, भूक विसरली गेली नाही.

२०२०च्या ‘असॅसिन्स क्रीड वल्हाला’ या गेमच्या संगीतात सेल्विकचा वाटा होता. त्यात खेळाडूकडे सीनिन नावाचा रेव्हन असतो. बटण दाबलं की तो वर जातो आणि शत्रू दाखवतो. थोडक्यात ड्रोन. तो हटकून परत येतो, म्हणूनच मला कंटाळवाणा वाटला.

आणि आता पांढरा रेव्हन. सेल्विकसाठी तो प्रतीक आहे: उत्तरेकडच्या कथांतल्या पांढऱ्या, पवित्र प्राण्यांपैकी एक. पण पांढरा रेव्हन खरोखर होता. नॉर्वे आणि आइसलँडच्या मधल्या फेरो बेटांवर रेव्हनची एक कबरी जात राहायची. डोकं, पंख, शेपूट बरीचशी पांढरी, चोच फिकट तपकिरी. तिथे तिला ‘क्वीतराव्नुर’ म्हणत. ती वेगळी प्रजाती नव्हती, फक्त रंगाचा एक आनुवंशिक प्रकार, जो जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. तिचा सर्वात जुना उल्लेख एका गाण्यात आहे: ‘पक्ष्यांचं जुनं गीत’ या १५००पूर्वीच्या लोकगीतात, जिथे चाळीसेक स्थानिक पक्ष्यांची नावं गुंफली आहेत.

१७४१ मध्ये डेन्मार्कच्या राजाने या बेटांवर चोच-कर लावला. रेव्हन कोकरं मारतात, म्हणून शिकारीच्या वयाच्या प्रत्येक पुरुषाने दरवर्षी रेव्हनची एक चोच जमा करायची, नाहीतर दुसऱ्या हिंस्र पक्ष्यांच्या दोन. हे शतकाहून अधिक काळ चाललं. काळ्या-पांढऱ्या दोघांच्याही चोची त्यात गेल्या. मग एकोणिसाव्या शतकात संग्राहक आले. त्यांना फक्त पांढरा हवा होता, आणि गरीब कोळ्याला पेंढा भरलेल्या पांढऱ्या पक्ष्याचे जे पैसे मिळत ते सोडणं शक्य नव्हतं. मिळालेला शेवटचा नमुना १९०२ मध्ये मिकिनेस बेटावर मारलेला. शेवटचं दर्शन १९४८ मध्ये नोल्सोय बेटावर. काळे रेव्हन तिथे आजही आहेत. ‘पवित्र’ आणि ‘दुर्मीळ’ हे शब्द एकाच पक्ष्याला लागले तेव्हा दुसऱ्याचा भाव जास्त निघाला.

त्या जुन्या गीतात समुद्रातल्या मोठ्या ऑक या न उडणाऱ्या पक्ष्याचंही नाव आहे. त्याची शेवटची ज्ञात जोडी १८४४ मध्ये आइसलँडजवळ एल्देयच्या खडकावर मारली गेली.

फेरो बेटांवर पक्ष्यांचं दुसरंही एक गीत आहे, नोल्सोयार पॉल या खलाश्याने १८०६-०७च्या सुमारास रचलेलं, दोनशेहून अधिक कडव्यांचं. त्यात शिकारी पक्षी म्हणजे बेटांचा व्यापार मुठीत धरून बसलेले डॅनिश अंमलदार, आणि लाल चोचीचा, किनाऱ्यावरचा त्यालदुर पक्षी ओरडून लहान पाखरांना सावध करतो. पॉल १८०८-०९च्या हिवाळ्यात लंडनहून बेटांसाठी धान्य भरून निघाला. त्याचं जहाज पोचलं नाही. गीत अजून म्हणतात: हात हातात धरून, साखळी करून, दोन पावलं डावीकडे आणि एक उजवीकडे. वाद्य नसतं. लाकडी जमिनीवर पडणाऱ्या पायांचाच ताल.